बीचवर जायचंय? हॉटेलच्या आधी भरती-ओहोटी बघा

तुमचा प्रश्न असा आहे की एका फेमस बीच टाऊनला पहिल्यांदाच चार दिवस जायचंय, सोबत आईवडील आणि आठ वर्षांची मुलगी आहे, तर कधी जावं, कुठे राहावं आणि दिवस कसे प्लॅन करावेत. बहुतेक लोक हॉटेलपासून सुरुवात करतात. मी सांगेन आधी त्या जागेचं भरती-ओहोटीचं टाइमटेबल उघडा, नेटवर फुकट मिळतं आणि कित्येक महिने आधीच मिळतं. जवळच्या बंदराचं नाव टाकून तुमच्या तारखा बघायच्या, बस.

कारण काय, तर फेमस बीचवर गर्दी कितीही असो, वाळू किती मोकळी मिळणार हे पाणी ठरवतं. ओहोटीला लांबलचक पसरलेला किनारा भरतीला एवढासा उरतो आणि मग तीच सगळी माणसं त्या पट्ट्यात कोंबली जातात. बऱ्याच ठिकाणी दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं, म्हणजे रोजची वेळ अंदाजे 50 मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी 7 ला पूर्ण ओहोटी असेल तर चौथ्या दिवशी ती साडेनऊच्या आसपास. आणि आठवड्याभरात चित्र जवळपास उलटं होतं, त्यामुळे या वीकेंडला सकाळी ओहोटी असेल तर पुढच्या वीकेंडला त्याच वेळी भरती. तारखा पुढेमागे करता येत असतील तर सकाळी ओहोटी येणारे दिवस घ्या, मुलीला खेळायला ओली सपाट वाळू मिळेल आणि आईवडिलांना चालायला कडक जमीन. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप आत जातं आणि तितकंच वर चढतं, हे लक्षात ठेवा. (काही समुद्रांना भरती-ओहोटी फार जाणवतच नाही, भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर फरक अगदी थोडा असतो, तिथे हे सगळं सोडून द्या.)

खडकांवर किंवा टोकाला वळसा घालून पलीकडच्या छोट्या बीचवर जायचा मोह होतो. जा, पण ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी निघा आणि पाणी फिरलं की परत या. भरती सहा तास एकाच वेगाने चढत नाही, सुरुवातीला सावकाश आणि मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं. लोक अडकतात ते इथेच, कारण पहिला तास काहीच झाल्यासारखं वाटत नाही.

सीझन. शाळांच्या सुट्ट्या आणि लाँग वीकेंड टाळता आले तर निम्मं काम झालं. समुद्र हवेपेक्षा उशिरा तापतो आणि उशिरा थंड होतो, म्हणून उन्हाळा सरता सरता पाणी बरेचदा सगळ्यात चांगलं असतं आणि गर्दी ओसरलेली असते. पण वादळांचा सीझन बघून घ्या, उदाहरणार्थ अटलांटिकच्या बाजूला अधिकृत हरिकेन सीझन 1 जून ते 30 नोव्हेंबर आहे. अशा वेळी बुकिंग कॅन्सल करता येणारंच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. आणि हवा गरम म्हणजे पाणी गरम असं नसतं, कॅलिफोर्नियासारख्या किनाऱ्यावर भर उन्हाळ्यातही पाणी गारच असतं.

राहायची जागा निवडताना सी व्ह्यूपेक्षा बीचवर उतरायचा रस्ता कुठे आहे ते बघा. मॅपवर सरळ रेषेत 200 मीटर दिसतं पण मधे हायवे किंवा कुंपण असलं की वळसा पडतो, आणि ओली मुलगी, छत्री, खुर्च्या घेऊन दुपारी तो वळसा आईवडिलांना जड जातो. चालत किती मिनिटं ते काढा, जिने आहेत का ते विचारा, जवळ टॉयलेट आणि सावली आहे का तेही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात मी अजिबात सूट देत नाही. लाइफगार्ड असलेला बीचच निवडा आणि तोही ड्युटीवर असतानाच पाण्यात उतरा. बऱ्याच देशांत लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं. नुसता लाल म्हणजे मोठा धोका, काही देशांत तर पाण्यात जायला बंदीच, आणि दोन लाल म्हणजे बहुतेक ठिकाणी पाण्यात जायला बंदी. लाटा दोन्ही बाजूंना फुटताहेत आणि मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतोय तर तिथे मुलीला नेऊ नका, तो बरेचदा रिप करंट असतो, म्हणजे किनाऱ्यावरचं पाणी परत खोल समुद्राकडे ओढून नेणारा प्रवाह. पाणी शांत दिसतं म्हणूनच लोक तिथे उतरतात. त्याचा वेग कधीकधी सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जातो, कसलेला पोहणाराही त्याच्या विरुद्ध जिंकत नाही. तो माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. त्यामुळे सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाच्या बाहेर पडा. हे मुलीला घरीच, निघायच्या आधी नीट समजावून सांगा. हवा भरलेली ट्यूब किंवा गादी समुद्रात नको, वारा जमिनीकडून वाहत असेल तर ती बघता बघता लांब जाते. वाळूत खड्डा करायचा तर मुलीच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, कडा अचानक ढासळतात.

ऊन म्हणाल तर दुपारी 11 ते 4 खोलीत झोपा, खरंच. छत्रीखाली बसलं तरी कोरडी वाळू जवळपास 15 टक्के यूव्ही परत वर फेकते, त्यामुळे सावलीतही सनस्क्रीन हवं, एसपीएफ 30 किंवा जास्त, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर परत. दुपारी समुद्रावरून वाराही वाढतो, वाळू डोळ्यात जाते, म्हणजे तसंही काही अडत नाही.

चार दिवसांपैकी एक पूर्ण रिकामा ठेवा. एखाद दिवशी लाल झेंडा लागतोच, तेव्हा आसपासचं जे काही बघायचं असेल ते त्या दिवशी उरकता येतं आणि पाण्यासाठी जीव तळमळत नाही. तारखा नक्की झाल्या की कमेंटमध्ये जागा आणि तारखा टाका, भरतीच्या वेळा बघून कुठला दिवस कशाला ठेवायचा ते सांगतो.