दौलतजादा अन् शहजादा एकाच घरचे काय?

प्रश्न : आमच्या गावात (वर्धा जिल्हा) वरातीत पोट्टे बँडवाल्यावर दहा-वीसच्या नोटा उडवून राहिले होते, तं आबा म्हणाले, "कापूस अजून घरात पडून हाय अन् याह्यचा दौलतजादा पाहा!" मले वाटते शहजादा तसाच हा शब्द, म्हणजे दौलतीत जन्मलेला. बरोबर हाय का? अन् उधळपट्टी अन् हे एकच काय?

उत्तर : नाही भाऊ, तो 'जादा' वेगळा अन् हा वेगळा. शहजाद्यातला फारसी, म्हणजे जन्मलेला, पोरगा. दौलतजाद्यातला मूळचा अरबी, आपला ज्यादा, दिवाळीत एसटी जादा गाड्या सोडते ना त्यातलाच. तमाशात कोणी खूश होऊन पैसे दिले की घेणाऱ्यानं म्हणायचं, दौलत ज्यादा हो, म्हणजे वाढो तुमची दौलत. आता दौलत म्हणजे जुन्या कागदपत्रात नुसता पैसा नाही, अख्खं राज्य, पेशवाईतल्या पत्रांत 'दौलत' येते ती त्याच अर्थानं, तर आशीर्वाद काही हलकासलका नव्हता. पुढं आशीर्वाद मागं पडला अन् पैसे उडवण्यालाच दौलतजादा नाव चिकटलं. ज्याचा खिसा रिकामा होऊन राहिला त्यालाच म्हणायचं वाढो, आहे की नाही मज्जा!

आपल्याकडं खडी गंमतीत, म्हणजे आपल्या विदर्भातल्या तमाशात, पाहिलं असेल, ढोलकी मधेच थांबते, शाहीर नोट वर धरून देणाऱ्याचं नाव-गाव पुकारतो, अन् ते ऐकून शेजारी बसलेल्याचा हात आपोआप बंडीच्या खिशात जातो, तो त्याच्याहून मोठी नोट काढते. दहाची वीस, वीसची पन्नास. सगळा खेळ त्या पुकाऱ्याचा आहे बाप्पा.

उधळपट्टी मात्र निराळी. उधळणे हे संस्कृत उद्धूलनातून आलं, त्यात धूळ आहे, धूळ उडवावी तसा पैसा उडवणे. अन् 'पट्टी' ती खरडपट्टीतली. उधळपट्टी घरात एकट्यानं, मोबाईलवर हप्ते पाडूनही होते, दौलतजाद्याला मात्र पाहणारे चार लोक लागतात. वरातीत पाहणारे होते, त्यामुळं आबांचा शब्द एकदम नेमका आहे, अन् कापसाचं म्हणाल तर तेही खरंच म्हणाले ते.

लिहिताना दौलतजादा लिहा, दौलतज्यादा लिहिलं तरी कोणी चूक म्हणणार नाही.