बारा वर्षं लेथवर काम करतोय, शिक्षण आठवी. आता दहावी करून काही उपयोग आहे का?

आहे. मी स्वतः अडतिसाव्या वर्षी दहावी झालो. डिप्लोमा झालेली पोरं तुमच्याकडून काम शिकतात आणि सहा महिन्यांत तुमचेच साहेब होतात, हे तुम्ही लिहिलंय ते वाचून पोटात कालवलं.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. वडील गेले, नववीत शाळा सुटली आणि मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, हेल्पर लागलो. पुढे टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातणारा कारागीर, झालो. २५ मिलिमीटरच्या एच-७ बोअरला, म्हणजे अगदी अचूक मापाच्या भोकाला, फक्त २१ मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) सूट असते. तसले जॉब शेठ माझ्याकडेच द्यायचे. फोरमनची जागा निघाली तेव्हा मात्र म्हणाले, "काम तो तारुं ज छे, पण सर्टिफिकेट क्यां छे?" (काम तर तुझंच, पण सर्टिफिकेट कुठे आहे?) आपल्या मराठी मंडळींत तर टेबलावरच्या नोकरीलाच मान. लग्नात कुणी माझ्याबद्दल विचारलं की बायको "कंपनीत आहेत" एवढंच म्हणायची. पगारापेक्षा ते जास्त लागायचं.

दहावी एनआयओएसमधून, म्हणजे केंद्र सरकारच्या मुक्त शाळेच्या बोर्डातून, केली. रोजची शाळा नाही, वयाची वरची अट नाही, पाच विषय पाच वर्षांत सवडीने देता येतात, मराठी माध्यमही आहे. गणिताला दोनदा बसलो. पण टेपरसाठी, म्हणजे एका टोकाला निमुळता होत जाणारा जॉब कातायला, कंपाउंड स्लाइडचा (लेथवर हत्यार तिरकं सरकवणाऱ्या भागाचा) कोन मी इतकी वर्षं उस्तादांनी दिलेल्या आकड्यांवर, नाहीतर कट घेत-तपासत बसवत होतो. त्रिकोणमिती आली आणि डोक्यात लख्ख पडलं: मोठ्या व्यासातून लहान वजा करा, लांबीच्या दुपटीने भागा, तो त्या कोनाचा टॅन, म्हणजे टेबलात बघितला की कोन मिळतो! रात्री दीडला बायकोला उठवून सांगितलं. म्हणून "नुसता कागद" असं मी कधी म्हणणार नाही.

लाज वाटत असेल, तर आमच्या बडोद्याच्या महाराज सयाजीराव गायकवाडांकडे बघा. नाशिककडच्या कवळाणे गावाहून १८७५ साली राजघराण्यात दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते, अक्षरओळखही नव्हती. त्यांनीच १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं.

जुन्या कारखान्यात माझा पगार एक रुपयाही वाढला नाही. दुसरीकडे फोरमनसाठी दहावी मागितली होती, तिथे लागलो. तुम्ही आठवीचा दाखला आत्ताच शाळेतून काढून ठेवा. मला त्यासाठी चार खेपा घालाव्या लागल्या होत्या.