स्टॉपरच्या पायातला बॉल

मागच्या अंकात फुटबॉलच्या या सदरात मी लिहिलं होतं, की गोल कुणी मारला हे विचारायच्या आधी बॉल स्टॉपरकडून कसा निघाला ते बघा. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. काहींना ते पटलं नाही, काहींनी पुढचे प्रश्न विचारले. त्यातली चार इथं घेतोय. सेंट्रल डिफेंडरला, म्हणजे आपल्या गोलसमोर मध्यभागी उभ्या राहणाऱ्या बचावपटूला, आम्ही कोल्हापुरात स्टॉपर म्हणतो. मी स्वतः बारा वर्षं त्याच जागेवर खेळलो, त्यामुळं इथंही तोच शब्द वापरतो.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. तीन वर्षं फॉरवर्ड खेळलो, मागच्या वर्षी शाळेकडून सगळ्यात जास्त गोल माझे होते. यंदा कोचनी मला स्टॉपर केलं. पप्पा म्हणतात, तुला मागं टाकलं. आता मी नुसतं अडवतच बसायचं का? (एक खेळाडू, गडहिंग्लज)

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सोळाव्या वर्षी मला हाफवरून, म्हणजे मिडफील्डमधून, काढून स्टॉपरला उभं केलं, तेव्हा घरी येऊन मी जेवलो नव्हतो. त्या काळात शाहू स्टेडियमवर स्टॉपरला एकच गोष्ट ऐकू यायची, ‘मार बाहेर!’ बॉल जितका लांब आणि जितका उंच, तितकी टाळी मोठी. त्यामुळं पप्पांना तसं वाटणं साहजिक आहे, त्यांच्यावर रागावू नकोस. पण त्यांना फ्रान्झ बेकेनबाउअरची गोष्ट सांग. १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये तो हाफला खेळत होता आणि त्यानं ४ गोल मारले होते. नंतर तो सगळ्यात मागं आला. तिथूनच त्यानं १९७४ मध्ये कॅप्टन म्हणून पश्चिम जर्मनीला वर्ल्ड कप जिंकून दिला, आणि युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी’ऑर १९७२ आणि १९७६ असा दोनदा घेतला. फॉरवर्डच्या पाठीला कायम एक माणूस चिकटलेला असतो. मागच्या माणसाला मात्र बऱ्याचदा कुणीच धरत नाही. बेकेनबाउअरला हे उमगलं होतं. त्याच्यासमोर मोकळी जागा असायची, आणि ती तो पायात बॉल घेऊन वापरायचा.

तू फॉरवर्ड होतास तेव्हा बॉल घेताना तुझी पाठ गोलकडं असायची. आता अख्खं मैदान तुझ्या तोंडासमोर आहे. कोण मोकळा आहे, कोण दमलाय, त्यांचा कुठला हाफ जागा सोडून भटकलाय, हे तुझ्याइतकं किपर सोडून कुणालाच दिसत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते नीट वाच. बॉल तुझ्याकडं यायच्या आधी एकदा उजवीकडं आणि एकदा डावीकडं मान फिरव. बॉलकडं सरळ छाती करून उभा राहू नकोस, अंग तिरकं ठेव. एक खांदा देणाऱ्याकडं, दुसरा त्यांच्या गोलकडं. बॉल लांबच्या पायावर घे, म्हणजे पहिल्या टचमध्येच तुझं तोंड पुढं होतं. जवळच्या पायावर घेतलास तर वळायला आणखी एक टच लागतो आणि तेवढ्यात त्यांचा फॉरवर्ड अंगावर येतो.

यानंतरचा भाग बहुतेक मुलं चुकवतात. समोर कुणी येत नसेल तर लगेच पास देऊ नकोस. बॉल घेऊन चाल. सहा पावलं, आठ पावलं. कधीतरी त्यांच्यातल्या एकाला तुझ्याकडं यावंच लागेल. तो ज्याला सोडून आला, तो आपला माणूस त्या क्षणी मोकळा झाला. पास तेव्हा द्यायचा. त्याआधी दिलास तर तुझ्या हाफच्या अंगावर माणूस तसाच चिकटलेला असतो आणि तू स्वतःची अडचण त्याच्या गळ्यात घातलेली असते.

१० जून २०२३ ला इस्तंबूलमध्ये युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल झाली, इंग्लंडचं मँचेस्टर सिटी आणि इटलीचं इंटर. सिटीनं १-० नं जिंकली, ६८ व्या मिनिटाला रॉड्रीचा गोल. शोधून बघ आणि थोडं मागं नेऊन पुन्हा बघ. सिटीचा स्टॉपर अकांजी बॉल घेऊन पुढं येतो आणि फटीतून बर्नार्डो सिल्वाला बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी चौकटीत, पास देतो. सिल्वा तो मागं वळवतो, मग रॉड्री मारतो. अकांजीचं नाव ना गोलमध्ये, ना असिस्टमध्ये (गोलच्या आधीचा शेवटचा पास). पण इंटरची भिंत फुटली ती त्याच्या पासवर. त्याच सामन्यात जॉन स्टोन्स, मूळचा स्टॉपरच, चक्क मिडफील्डमध्ये उभा राहून खेळत होता. पप्पांना शेजारी बसवून हे बघ.

आणि कोचना जाऊन एवढंच विचार, की बॉल घेऊन पुढं गेलो तर माझी जागा कोण धरणार? हा प्रश्न ऐकून त्यांना तुझा अभिमान वाटेल.

प्रश्न : मी लिव्हरपूलचा चाहता. २०२०-२१ च्या सीझनला आमचा स्टॉपर व्हॅन डाइक जखमी झाला, तेव्हा वाटलं गोल जास्त खाऊ. पण आमचे गोल होणंच बंद झालं! सालाह, माने, फर्मिनो हे तिन्ही फॉरवर्ड खेळत होते. असं का झालं? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आणि माझ्या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा मला सापडलेला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये एव्हर्टनविरुद्ध व्हॅन डाइकचा गुडघा गेला. पुढं गोमेझ आणि मातिप, म्हणजे उरलेले दोन मुख्य स्टॉपरही जखमी झाले. जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये लिव्हरपूल अँफिल्डवर, म्हणजे घरच्या मैदानावर, लीगचे ६ सामने ओळीनं हरलं : बर्नली, ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलहॅम. त्यातल्या पहिल्याच पराभवानं घरच्या मैदानावर ६८ लीग सामने न हरण्याची मालिका तुटली. या ६ सामन्यांत त्यांचा गोल एकच, सिटीविरुद्ध सालाहनं मारलेली पेनल्टी. सिटीचा सामना सोडला तर बाकीच्या ५ सामन्यांत मिळून खाल्लेले गोल किती? ६. म्हणजे रोग बचावात होता आणि दुखत होतं पुढं.

पहिलं कारण पासचं. व्हॅन डाइक डावीकडच्या स्टॉपरच्या जागेवरून उजव्या कडेला लांब तिरका बॉल टाकायचा, तो सालाह किंवा उजव्या साइड बॅक अलेक्झांडर-आर्नल्डच्या पुढ्यात पडायचा. हा बॉल सामन्यात चार-पाच वेळाच पडला तरी समोरच्या संघाला कायम पसरून उभं राहावं लागतं. तो पास नसेल तर ते निवांत आत गोळा होतात आणि मधल्या फटी बुजतात.

दुसरं कारण उंचीचं. व्हॅन डाइकच्या अंगाच्या उंचीचं नव्हे, बचावाची रांग मैदानात किती वर उभी राहते त्या उंचीचं. पाठीमागं पडलेल्या बॉलवर शर्यत जिंकणारा माणूस असला की रांग जवळजवळ सेंटर लाइनपर्यंत चढते. मग दोन्ही साइड बॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, पुढं जायला मोकळे. २०१८-१९ मध्ये लीगमध्ये अलेक्झांडर-आर्नल्डचे १२ आणि रॉबर्टसनचे ११ असिस्ट होते. दोन साइड बॅकचे २३! हे आकडे त्या दोघांचे आहेतच, पण त्यांना पाठीमागं वळून बघावं लागलं नाही, याचं श्रेय मी व्हॅन डाइकला देतो.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भोक बुजवायला फॅबिन्यो आणि हेंडरसन या दोन मिडफील्डरांना मागं आणलं. दोघंही जीव ओतून खेळले. पण त्यामुळं एका ठिकाणचं भोक दोन ठिकाणी झालं. गमावलेला बॉल पाच सेकंदांत पुन्हा जिंकून देणारी माणसं मिडफील्डमधून गेली, आणि लिव्हरपूलचं आक्रमण त्यावरच उभं होतं. नंतर नॅट फिलिप्ससारखा साधा, हेडर जिंकणारा आणि फारसे पास न खेळणारा स्टॉपर मागं लावला, फॅबिन्यो आपल्या जागी परतला, आणि शेवटच्या १० लीग सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. ८ जिंकले, २ बरोबरीत. तिसरा नंबर मिळवला.

मैदानं तेव्हा रिकामी होती, फॉरवर्ड जोटाही बरेच दिवस बाहेर होता, हे मी विसरलेलो नाही. तरी सहा सामन्यांत एक पेनल्टी, याचा उलगडा नुसता तेवढ्यानं होत नाही.

प्रश्न : आमच्या क्लबला डावखुराच स्टॉपर हवा आहे म्हणून दोन महिने शोधाशोध चालू आहे. एवढा काय फरक पडतो? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : एका टचचा फरक पडतो. डावीकडचा स्टॉपर उजव्या पायाचा असेल तर उजवीकडून आलेला बॉल तो आतल्या पायावर घेतो, म्हणजे धावत येणाऱ्या फॉरवर्डच्या बाजूला. कडेनं पास द्यायचा तर त्याला अंग वळवावं लागतं. डावखुरा बाहेरच्या पायावर बॉल घेतो. फॉरवर्ड आणि बॉल यांच्यामध्ये त्याचं अख्खं अंग येतं, आणि लाइनीला धरून सरळ पास पहिल्याच टचनंतर निघतो. इंटरचा बास्तोनी बघा, तीन स्टॉपरांतला डावीकडचा. तो पास देऊन थांबत नाही, कडेनं वर जाऊन क्रॉससुद्धा टाकतो. पण वर लिहिलेला व्हॅन डाइक उजव्या पायाचा आहे आणि डावीकडं खेळतो, हेही क्लबच्या लोकांना सांगा. हाताशी चांगला उजवा असेल तर सीझन वाया घालवू नका.

तुम्ही गोव्याचे, म्हणून एक आठवण. कोच सर्जिओ लोबेरानं बांधलेल्या एफसी गोवानं आयएसएलची (इंडियन सुपर लीग) २०१९-२० ची लीग फेरी पहिल्या नंबरनं संपवली, शेवटच्या काही सामन्यांआधी लोबेराला काढलं होतं तरी. त्या सीझनला मिडफील्डर जाहू किती खाली, अगदी स्टॉपरांच्या ओळीत येऊन बॉल घ्यायचा! तिथून त्याचा लांब बॉल सुटायचा. आणि कॉर्नरला स्टॉपर मुर्तदा फॉल वर आला की समोरच्या बॉक्समध्ये धावपळ उडायची. पुढच्या वर्षी लोबेरा, जाहू, फॉल तिघंही मुंबई सिटीत गेले आणि मुंबईनं लीग फेरीत पहिलं येण्याची शील्ड आणि फायनलची ट्रॉफी दोन्ही उचलले. गोवेकरांना ते किती लागलं असेल, मी समजू शकतो.

प्रश्न : मी शाळेत पीटी शिकवतो. मुलांना मागून पास खेळत बॉल काढायला शिकवतोय. मैदान मुरमाड आहे. गेल्या सामन्यात त्यातूनच दोन गोल खाल्ले आणि पालक ओरडत होते, ‘मारा लांब!’ सोडून देऊ का? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : गुरुजी, सोडू नका. पण मैदानाचं ऐका.

आधी पालकांसाठी थोडा इतिहास. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. फॉरवर्डपुढं तीनऐवजी दोनच विरोधी खेळाडू असले तरी चालू लागले आणि गोलांचा पाऊस पडला. तो थांबवायला आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमननं सेंटर हाफला दोन बॅकच्या मध्ये खाली ओढला. तोच स्टॉपर, थांबवणारा. पालकांच्या डोक्यात आजही तोच स्टॉपर आहे. पण १९९२ पासून पायानं दिलेला बॅकपास किपरला हातात घेता येत नाही, आणि २०१९ पासून गोल किक आपल्याच बॉक्समध्ये उभ्या असलेल्या खेळाडूला देता येते. नियमांनीच स्टॉपरच्या पायात बॉल आणून दिलाय.

आता मैदान. मुरमावर जमिनीलगतचा पास आडवा द्यायचा नाही, विशेषतः स्वतःच्या गोलसमोरून. मी एका फायनलमध्ये तो दिला होता. खड्ड्यावर बॉल उडाला, त्यांच्या फॉरवर्डनं उचलला आणि गोल. पुढच्या सीझनला संघानं मला बोलावलं नाही, आणि कुणी कारणही सांगितलं नाही. विचार चुकला नव्हता, पास चुकला होता. हे समजावणारा माणूस तेव्हा मला हवा होता. तुमच्या मुलांना तुम्ही आहात.

लांब बॉल मारण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त तो कुणासाठी मारलाय हे ठरलेलं हवं. मुलांना सांगा, स्टॉपरनं मान वर करून एका कडेला मारायचं आणि मारायच्या आधीच आपले तिघं त्या कडेला सरकलेले असायचे. हेडर हरला तरी खाली पडलेला बॉल आपला. आणि मोकळा वेळ मिळाला तर पासऐवजी बॉल घेऊन चालायला लावा. पायाजवळचा बॉल खड्ड्यावर उडाला तरी सावरता येतो, पंधरा मीटर लांबचा नाही.

सराव रोज दहा मिनिटांचा. पंधरा पावलांचा चौकोन आखा, चपला ठेवून आखला तरी चालेल. एका कडेवर दोन स्टॉपर, समोरच्या कडेवर एक हाफ, मध्ये दोन फॉरवर्ड. त्यातल्या एकानं सावलीसारखं हाफला धरून राहायचं, दुसरा मोकळा. स्टॉपरनं बॉल घेऊन पुढं चालायचं. हाफला धरलेला फॉरवर्ड त्याला सोडून अंगावर येईपर्यंत पास द्यायचा नाही, हा एकच नियम. पहिल्या आठवड्यात मुलं घाबरून लवकर पास देतील. माझ्या बॅचमधल्या एका मुलानं पंधरा दिवस तेच केलं. सोळाव्या दिवशी तो चालत राहिला, दोन्ही फॉरवर्ड त्याच्यावर धावून आले, आणि त्यानं मधल्या फटीतून बॉल दिला. हाफ एकटा उभा होता. बाकीची मुलं आपापला खेळ थांबवून त्याच्याकडं बघत राहिली.

पुढच्या सामन्याला पालकांना सरावाच्या वेळीच बोलवा आणि हा चौकोन त्यांच्यासमोर खेळवून दाखवा.