मूत्रपिंडातील लहान गाठ : गोठवण्याचा उपचार किती टिकतो?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७१ असून त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. दुसऱ्याच तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत त्यांच्या डाव्या मूत्रपिंडात २.६ सेंटिमीटरची गाठ आढळली. मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे रक्तातील क्रिएटिनिन थोडे वाढलेले आहे. डॉक्टरांनी सुई घालून गाठ गोठवण्याचा पर्याय सुचवला आहे, तर नातेवाईक मूत्रपिंडच काढून टाका म्हणतात. गोठवलेली गाठ पुन्हा उद्भवते का?

उत्तर : उद्भवू शकते, परंतु केवळ त्या भीतीने संपूर्ण मूत्रपिंड काढण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेह आणि वाढलेले क्रिएटिनिन असताना एक मूत्रपिंड गमावले, तर उरलेल्यावर पडणारा भार हा या लहान गाठीपेक्षा मोठा धोका ठरू शकतो.

आधी बायोप्सी करून घ्यावी. चार सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गाठींपैकी साधारण पाचांतील एक गाठ कर्करोगाची नसते, आणि एकदा गोठवल्यावर ती कोणत्या प्रकारची होती हे खात्रीने सांगणे कठीण होते.

या उपचारात, म्हणजे क्रायोअब्लेशनमध्ये, स्कॅनवर पाहत पाठीच्या बाजूने सुया गाठीत नेतात आणि आर्गॉन वायूच्या साहाय्याने तापमान उणे ४० अंश सेल्सिअसच्याही खाली आणतात. तयार होणारा बर्फाचा गोळा स्कॅनवर दिसत असल्याने तो गाठीच्या कडेपलीकडे काही मिलिमीटर पसरला की नाही, हे डॉक्टरांना त्याच वेळी तपासता येते. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत याचे निकाल सर्वांत चांगले मिळतात. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला किंवा मूत्रवाहिनीला लागून असेल, तर मात्र अडचण वाढते.

दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या साहाय्याने फक्त गाठ कापून काढण्याशी तुलना केली, तर गोठवलेल्या जागी गाठ पुन्हा वाढण्याचे प्रमाण अधिक आहे. तरीही दहा वर्षांपर्यंतच्या पाठपुराव्यात या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत कमीच आढळले आहे, आणि उरलेला भाग बहुधा पुन्हा गोठवता येतो. ही माहिती मुख्यतः रुग्णांच्या नोंदींवरून मिळालेली आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांतून नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

म्हणूनच हा उपचार निवडायचा, तर नियमित तपासणीची तयारी हवी. पहिला कॉन्ट्रास्ट स्कॅन, म्हणजे चित्र स्पष्ट दिसावे म्हणून शिरेतून विशेष द्रव्य (कॉन्ट्रास्ट) देऊन केलेला स्कॅन, सहसा पहिल्या सहा महिन्यांत होतो आणि पुढे काही वर्षे ठरावीक काळाने स्कॅन करावे लागतात. गोठवलेल्या भागात कॉन्ट्रास्ट शिरताना दिसले, तर तेथे जिवंत पेशी उरल्याची शंका घ्यावी लागते. वडिलांच्या क्रिएटिनिनमुळे कोणते कॉन्ट्रास्ट चालेल, हे मूत्रपिंडतज्ज्ञांकडून आधीच ठरवून घ्या. ते रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर तेही आवर्जून सांगा, कारण या उपचारात रक्तस्रावाचा धोका असतो. मात्र त्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.