बोलणं फक्त कामापुरतं उरलंय

प्रश्न: ताई, लग्नाला ९ वर्षं झाली, डोंबिवलीत राहतो, दोघंही नोकरी करतो. भांडण वगैरे नाही पण बोलणं म्हणजे दूध आणलंस का, हप्ता गेला का, मुलीच्या शाळेत मीटिंग कधी, बस. तो रात्री ९ ला येतो, जेवतो की मोबाईल. परवा चिंब भिजून आला, म्हणाला काय पाऊस होता गं ठाण्याला, प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं छत्री बाथरूममधे ठेव, लादी ओली होतेय. मग झोपेपर्यंत एक शब्द नाही. असा का वागतो हा?

उत्तर: अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या छत्रीपाशीच अडले. तो बोलला होता की! त्याला पावसाची बातमी नव्हती द्यायची, आपले काय हाल झाले ते तुला सांगायचं होतं आणि तू लादीकडे बघितलंस. दोष देत नाहीये हं, तूही दिवसभर राबलेली असतेस, त्या वेळी कुणाला सुचतंय.

जॉन गॉटमन म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी सिॲटलला नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचं साधं रोजचं बोलणं टिपून ठेवलं आणि ६ वर्षांनी बघितलं, तर जी एकत्र होती त्यांनी जोडीदाराच्या अशा बारीकसारीक हाकांना १०० पैकी ८६ वेळा ओ दिली होती आणि ज्यांचा घटस्फोट झाला त्यांनी ३३ वेळा. मला हे फार पटतं.

ओ द्यायची म्हणजे काय, तर टॉवेल हातात देत "अरे देवा, मग गाडी कधी मिळाली?" एवढंच विचारायचं. लादी दहा मिनिटांनी पुसली तरी चालते.

पण हे एकटीने करायचं नाहीये, हे पान त्यालाही वाचायला दे. तुझ्याही हाका त्याच्या मोबाईलपाशी अडत असणारच. "सारखा त्यात डोकं घालून असतोस" म्हटलं की माणूस आणखीनच आत घालतो, त्यापेक्षा "जेवण झाल्यावर थोडा वेळ बस ना माझ्याजवळ, आज ऑफिसात काय झालं ते सांगायचंय" असं सरळ माग, मागण्यात कमीपणा कसला.

पहिल्या दिवशी तो बिचकेल, "आज काय झालंय तुला?" म्हणेल. म्हणू दे. तू गाडीचं विचार.