पंचवीस गायींच्या गोठ्यासाठी गुणवत्ता आणि शाश्वततेचे प्रमाणपत्र घ्यावे का?

आपल्याकडे २५ संकरित गायी आहेत, रोजचे सुमारे ३०० लिटर दूध गावातल्या संकलन केंद्रावर जाते आणि एका सल्लागाराने गोठ्यासाठी आयएसओ तसेच ‘शाश्वत दुग्धव्यवसाय’ अशी दोन प्रमाणपत्रे मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे, तर ती घ्यावीत का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आज घेऊ नयेत. मी एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत ११ वर्षे काम केले आणि आता स्वतः १४ गायी सांभाळतो, त्यामुळे दूध तपासणाऱ्याची आणि दूध घालणाऱ्याची, अशा दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

प्रमाणपत्र हा खरेदीदाराला द्यायचा पुरावा असतो. तो मागणारा आणि त्याचे पैसे मोजणारा कोणी नसेल, तर कागद भिंतीवरच राहतो. आपले दूध केंद्रावर इतरांच्या दुधासोबत एकाच बल्क कूलरमध्ये, म्हणजे दूध थंड ठेवणाऱ्या मोठ्या टाकीत, पडते आणि दर ठरतो तो फॅट (स्निग्धांश) व एसएनएफवर (स्निग्धांश सोडून उरणाऱ्या घन पदार्थांवर). आपला गोठा कितीही नमुनेदार असला, तरी कूलरच्या झाकणापाशी त्याची वेगळी ओळख संपते. भारतातील गुणवत्तेची बहुतेक चिन्हे गोठ्यासाठी नाहीतच. २३ डिसेंबर २०२१ रोजी वाराणसीत सुरू झालेली, भारतीय मानक ब्युरो आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांची संयुक्त योजना दुग्धजन्य पदार्थांसाठी, म्हणजे प्रकल्पांसाठी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना ही व्यवसायाची परवानगी आहे, गुणवत्तेची पावती नव्हे. दुधाच्या पिशवीवरचा या परवान्याचा १४ अंकी क्रमांक अनेक जण तशी पावती म्हणून मिरवतात, हा भाग वेगळा. नोंदणीकृत सहकारी संस्थेचे सभासद असून सर्व दूध त्याच संस्थेला घालणाऱ्या उत्पादकाला तर या नोंदणीतूनही सूट दिलेली आहे.

युरोपात चित्र निराळे आहे आणि सल्लागार बहुधा तिकडचीच उदाहरणे देत असतील. आयर्लंडमध्ये बोर्ड बिया या सरकारी संस्थेने २०१३ च्या अखेरीस दूध उत्पादकांसाठी शाश्वत दुग्ध हमी योजना सुरू केली. तीत दर १८ महिन्यांनी तपासनीस गोठ्यावर येतो, औषधांच्या नोंदी, धार काढण्याच्या जागेची स्वच्छता, पाणी आणि दूध थंड करण्याची व्यवस्था पाहतो आणि त्याच भेटीतील माहितीवरून त्या शेताचे कर्ब उत्सर्जन काढले जाते. नेदरलँड्समध्ये ‘कुरणाचे दूध’ म्हणून विकण्यासाठी गायी वर्षातून किमान १२० दिवस, दिवसाला किमान ६ तास बाहेर चरल्या पाहिजेत, आणि अशा दुधाला तेथील मोठी सहकारी संस्था जादा रक्कम देते. दोन्हीकडे प्रमाणपत्रामागे प्रकल्प, निर्यात किंवा दुकानातील ग्राहक उभा आहे. आपल्या केंद्रामागे आज तसे कोणी उभे नाही.

याचा अर्थ गुणवत्तेचे काम करू नये असा मात्र नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांत आरोग्यास घातक भेसळ १२ नमुन्यांत सापडली. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर असलेले नमुने ७७ होते आणि अफ्लाटॉक्सिन एम-१ (बुरशीपासून येणारे विष) मर्यादेबाहेर असलेले ३६८. वर्तमानपत्रांत चर्चा नेहमी भेसळीची होते, पण या तिन्हींत सर्वांत मोठा आकडा ज्या दोषाचा आहे तो गोठ्याच्या पेंडीच्या खोलीतून येतो. ओलसर सरकी पेंड, शेंगदाणा पेंड किंवा मक्यावर बुरशी धरली की तिचे विष गायीच्या यकृतात रूप बदलते आणि दिवसभरात दुधात उतरते. दूध उकळून ते जात नाही. आपल्याकडची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपची तिच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ०.०५. चांगली बाजू अशी की बुरशीचे खाद्य थांबवले, की काही दिवसांत दूध स्वच्छ होते. माझ्या स्वतःच्या गोठ्यात एका पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या पोत्यांनी हा धडा दिला: वरून कोरडी दिसणारी पेंड आतून हिरवट झाली होती आणि आधीचे चार दिवस मी ती निर्धास्तपणे घालत होतो. तेव्हापासून पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर असतात, आणि पावसाळ्यात मी पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा करत नाही.

प्रतिजैविकांची गोष्ट याहून साधी आहे. कासदाहाच्या, म्हणजे आपण ज्याला दगडी म्हणतो त्या गायीच्या सडात औषधाची ट्यूब सोडली, की औषधाच्या वेष्टनावर दिलेले दिवस भरेपर्यंत तिचे दूध कॅनमध्ये जाता कामा नये. प्रयोगशाळेत असताना एका कॅनमुळे अख्खा टँकर परत पाठवावा लागल्याचे मी पाहिले आहे. ज्याचा तो कॅन होता त्याला गाय कोणती, हेही आठवत नव्हते. गायीच्या कानातील १२ अंकी बिल्ला, तारीख, औषध, डॉक्टर आणि दूध पुन्हा कधी घालायचे तो दिवस, असे पाच रकाने असलेली साधी वही हा अपघात टाळते. लसीकरणाच्या नोंदीही तिच्यातच ठेवाव्यात. आयर्लंडचा तपासनीसही अशाच नोंदी पाहतो.

शाश्वततेबद्दल एक गैरसमज दूर करणे आवश्यक वाटते. सौर दिवे आणि झाडे यांची छायाचित्रे अहवालात शोभून दिसतात. पण लिटरमागचे कर्ब उत्सर्जन मुख्यतः गायीच्या पोटातील मिथेनवर आणि ती किती दिवस दुधात राहते यावर ठरते. भाकड गायही वैरण खाते आणि मिथेन सोडते. म्हणून माज वेळेवर ओळखणे, दोन वेतांतील अंतर कमी राखणे, मुरघासाची (आंबवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याची) प्रत सुधारणे आणि शेण उघड्यावर न साठवता गोबर गॅसमधून काढून उरलेली पातळ स्लरी शेताला देणे, या चार गोष्टी प्रमाणपत्राशिवायही करता येतात आणि त्यांचा लाभ आपल्याच खिशात पडतो.

प्रमाणपत्राचा विचार दोन प्रसंगी करावा. आपण शहरात थेट ग्राहकांना दूध विकू लागलात, किंवा परिसरातील वीस-पंचवीस उत्पादकांनी शेतकरी कंपनी करून वेगळा कूलर बसवला आणि खर्च वाटून घेतला, तर त्याला अर्थ आहे. सेंद्रिय प्रमाणपत्राचा मोह झाला, तर वैरणही सेंद्रिय लागते आणि हंगामी पिकांची जमीन पेरणीपूर्वी दोन वर्षे रूपांतरणात ठेवावी लागते, हे आधी लक्षात घ्यावे. माझ्या पाहण्यातले बहुतेक प्रयत्न बाजारातून आणलेल्या पेंडीपाशीच अडले. दुधातील प्रथिनाच्या प्रकारावरून मारल्या जाणाऱ्या ‘ए-टू’ या शिक्क्यावर तर विसंबूच नये: अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो वेष्टनावरून काढण्यास सांगितले आणि पाच दिवसांत ती सूचना मागे घेतली.

सल्लागारांना मात्र तीन प्रश्न जरूर विचारावेत: मानक नेमके कोणते, प्रमाणपत्र देणारी संस्था कोणती, आणि तिला प्रमाणन संस्थांच्या राष्ट्रीय अधिमान्यता मंडळाची, म्हणजे एनएबीसीबीची, त्याच मानकासाठी मान्यता आहे का. सल्ला देणारा आणि प्रमाणपत्र देणारा एकच निघाला, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवावे.