माणसांच्या फिरण्यामुळे भेकरं रान सोडून जातात का?

तुम्ही विचारलंय की गुहागरला डोंगरालगत होमस्टे काढलाय, पाहुण्यांना पहाटे रानात नेलं तर भेकरं, म्हणजे ती कुत्र्यासारखी भुंकणारी लहान हरणं, कायमची जातील का. बहुधा जाणार नाहीत. वेळ बदलतील, आणि तुम्हाला वाटेल गेली.

आमचं गाव मुरूड तालुक्यात, फणसाडच्या कडेला. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान १९८६ साली अभयारण्य झालं. मी सांगतोय ते हद्दीबाहेरचं, आमच्या वाडीमागच्या रानाचं. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, घरी पर्यटक ठेवतो. पहाटे साडेपाचला वीस-बावीस जणांची वरात रानात, त्यातल्या एकाच्या खिशात गाणी चालू. भेकर भुंकलं की दादा बोट वर करून म्हणणार, "ऐका, भेकर बोलतंय!" लोक खूश. अरे, बोलत कसलं? बिबट्याची चाहूल लागल्यावर जे भुंकतं तेच तुमच्यावर भुंकतंय.

दोन-तीन वर्षांत भुंकणंही बंद झालं. दादाचं निदान तयार होतं: बिबट्याने संपवली. मी त्याला ओढ्याच्या चिखलात नेऊन दाखवलं. आदल्या दिवशीच्या बुटांचे ठसे, आणि त्या ठशांवर उमटलेली भेकराची खुरं. तुम्ही गेल्यावर आलंय ते. दादा म्हणाला, बकरी असेल.

मग २०२० आलं. मार्चअखेरपासून ३ जूनच्या निसर्ग वादळापर्यंत आमच्याकडे एक पाहुणा फिरकला नाही. मे महिन्यात करवंदांना गेलो होतो, सकाळचे अकरा वाजलेले, डोक्यावर ऊन. उंबराखाली भेकराची मादी पडलेली उंबरं खात होती. मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि परत खायला लागली. दुसऱ्या दिवशी दादाला ओढत नेलं, त्यालाही दिसली. तेव्हा मी बोलून गेलो, "लॉकडाऊनमध्ये बिबट्यानेपण उपास धरलाय काय रे?" त्यानंतर गणपतीच्या आरतीपर्यंत आमचं बोलणं नव्हतं.

हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं नाही. २०१८ साली 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात सहा खंडांतल्या ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवरच्या ७६ अभ्यासांचा एकत्रित हिशेब आला होता. माणसाचा वावर असेल तिथे प्राण्यांचं रात्रीचं हिंडणं सरासरी १.३६ पट वाढतं. शिकारी असो की नुसता डोंगर भटकणारा, परिणाम साधारण सारखाच. दादाला वाचून दाखवलं. म्हणाला, "आपल्या रानात आलेले का ते?"

आता गंमत बघा. बिबट्याही मुख्यतः रात्रीचा. दिवसा चरणाऱ्या भेकराला आपण रात्रीकडे ढकललं, म्हणजे थेट त्याच्या ताटात. शिवाय रवंथ करणारं जनावर, दर तासाला उठवून पळवलं तर खाल्लेलं पचवणार कधी? तेव्हा बिबट्याने खाल्लीच असतील तर वाढपी कोण होता, ते दादाने मला सांगू नये.

सगळा दोष पाहुण्यांचा नाही, हेही मान्य. मोकाट कुत्री आणि आपल्याच लोकांच्या फासक्या भेकरं कायमची संपवतात. आणि सांबराचं म्हणाल तर ते तसंही रात्रीचंच, त्यावरून अंदाज बांधू नका.

तुम्ही एवढं करा. पाहुण्यांना आधी घावणे-चहा द्या, आठनंतर न्या, चार-पाच जण, रोज तीच पायवाट. ठरलेल्या वाटेवरच्या माणसाची जनावराला थोडीफार सवय होते, वाट सोडून झुडपात घुसणाऱ्याची होत नाही. कुत्रा घरी बांधा. रात्री बॅटऱ्या मारत फिरवणं तर अजिबात नको, मग त्यांना उरलं काय? पाहुणे कुरकुरतील, "भेकर दिसलं नाही." दादाचेही कुरकुरतात. तो त्यांना हल्ली शेकरूचं घरटं दाखवतो आणि वर माझंच नाव सांगतो, की ह्याच्यामुळे पहाटेचं बंद केलं.